इंजिनातील फेरफार डीलरला कळतो का? शिशाच्या सीलपासून सॉफ्टवेअरच्या बेरजेपर्यंत

१/
१८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, फोक्सवॅगन कंपनीला नोटीस बजावली. सुमारे ४,८२,००० डिझेल गाड्यांच्या इंजिन-सॉफ्टवेअरमध्ये प्रदूषणाची चाचणी चालू आहे हे ओळखून वागणूक बदलणारी सोय दडवलेली आहे, असा तिचा आशय होता. याच कंपनीच्या डीलरांकडे त्या काळात एक यंत्रणा कार्यरत होती. ग्राहकाने इंजिनाच्या सॉफ्टवेअरला हात लावला आहे का, हे ती शोधून काढत असे. ग्राहकाची लबाडी तिला दिसत होती. कंपनीची लबाडी दिसणे मात्र तिला शक्यच नव्हते. असे का व्हावे, याचे उत्तर जवळजवळ शंभर वर्षांच्या इतिहासात आहे. हा धागा त्या इतिहासाचा.

२/
गाडीच्या ट्यूनिंगचा विचार करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एक प्रश्न असतो : सर्व्हिसिंगला गेल्यावर डीलरला हे कळेल का, आणि कळले तर वॉरंटी जाईल का? थोडक्यात उत्तर असे, की आजच्या गाडीत डीलरने मनावर घेतले तर बहुतेक वेळा कळते. परंतु ‘कळणे’ या शब्दाचा अर्थ गेल्या शतकात अनेकदा बदलला. कधी कळण्याचे साधन डोळे होते, कधी कान, कधी शिशाचा गोळा आणि शेवटी एक संख्या. प्रत्येक साधनाने थोडे काही दाखवले आणि बरेच काही झाकून ठेवले.

३/
इंजिनाची ताकद तीन गोष्टींवर ठरते : आत किती हवा जाते, तिच्यात किती इंधन मिसळते आणि ठिणगी नेमकी केव्हा पडते. या तिन्हींत कारखान्याने ठरवलेले प्रमाण बदलणे म्हणजे ट्यूनिंग. १९३२ मध्ये फोर्डने स्वस्त व्ही-८ इंजिन बाजारात आणले आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांना जणू कच्चा मालच मिळाला. म्युरॉकसारख्या कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळांवर ते आपल्या गाड्या पळवत. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन दक्षिण कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. व्हिक एडलब्रॉक यांच्यासारख्या मेकॅनिकांनी इंजिनात हवा नेणारे सुधारित भाग बनवून विकायला सुरुवात केली, आणि त्यातून एक उद्योग उभा राहिला.

४/
त्या काळात फेरफार लपवण्याचा प्रश्नच नव्हता. एकाच्या जागी दोन किंवा तीन कार्ब्युरेटर बसवले, की बॉनेट उघडताच ते कोणालाही दिसत. भारतात हीच गोष्ट दुचाकींच्या बाबतीत पुढे घडली. १९८५ मध्ये आलेल्या यामाहा आरएक्स १०० चे ‘पोर्टिंग’ करणारे मेकॅनिक गावोगावी होते. सिलिंडरमधील वायूंच्या वाटा घासून मोठ्या केल्या, की टू-स्ट्रोक इंजिनाचा स्वभावच बदले. अशी गाडी गल्लीच्या तोंडाशी आली, की आवाजावरूनच जाणकार तिला ओळखत. त्या पिढीचे निदानयंत्र म्हणजे मेकॅनिकचा कान.

५/
लपवता येणारा पहिला फेरफार डिझेल इंजिनात झाला. बॉश कंपनीने १९२७ मध्ये डिझेलच्या इंधन पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. इंजिनाला जास्तीत जास्त किती डिझेल मिळावे, हे या पंपावरचा एक स्क्रू ठरवतो. तो थोडा फिरवला, की ट्रक चढणीला जोरात चालतो. मात्र धूर काळा येतो, इंजिन तापते आणि आयुष्य घटते. म्हणून त्या स्क्रूमधून तार ओवून तिच्या टोकाला शिशाचे सील दाबून बसवण्याची पद्धत रूढ झाली. भारतात १९५१ मध्ये बंगळुरूला मायको कंपनी सुरू झाली, आणि ‘मायको पंप’ हा शब्द ट्रकमालकांच्या तोंडी बसला. पंपाचे सील कोणी तोडले, हा मालक, चालक आणि मेकॅनिक यांच्यातला नेहमीचा वाद ठरला.

६/
या सीलचा स्वभाव नीट लक्षात घ्यावा, कारण पुढचा सारा इतिहास त्याचीच आवृत्ती आहे. तुटलेले सील एवढेच सांगते, की येथे कोणीतरी हात घातला. काय केले, चांगले केले की वाईट, इंजिन त्यामुळेच बिघडले का, यांपैकी काहीही ते सांगत नाही. शाबूत सीलही एवढेच सांगते, की कारखान्याने जे ठरवले ते तसेच आहे. कारखान्याने योग्य ठरवले होते का, हा प्रश्न सीलच्या कक्षेबाहेरचा.

७/
मग कायदा आला. लॉस एंजेलिसच्या विषारी धुरक्याने त्रस्त झालेल्या कॅलिफोर्नियाने १९६६ मध्ये मोटारींच्या धुरावर मर्यादा घातली. १९७० मध्ये अमेरिकेचा नवा स्वच्छ हवा कायदा संमत झाला. इंजिन कसे जुळवावे, ही तोवर मालकाची खासगी बाब होती. आता ती सार्वजनिक आरोग्याची बाब झाली. प्रदूषण-नियंत्रणात छेडछाड करण्यास आधी उत्पादक आणि डीलर यांना, १९७७ मध्ये दुरुस्ती करणाऱ्या गॅरेजांना आणि १९९० मध्ये सर्वांनाच मनाई झाली. कार्ब्युरेटरच्या मिश्रणाचा स्क्रू धातूच्या बुचाने बंद होऊ लागला. शिशाच्या सीलमागे आता कंपनीबरोबर सरकारही उभे राहिले.

८/
दुसऱ्या बाजूला ग्राहकाच्या रक्षणासाठीही एक कायदा झाला. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्याने अमेरिकी कंपन्यांना बजावले, की आमचाच सुटा भाग वापरला नाही तर वॉरंटी रद्द, अशी सरसकट अट घालता येणार नाही. बाहेरचा भाग बसवला म्हणून दार आपोआप बंद होत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला, हे कंपनीला दाखवावे लागते. यामुळे डीलरपुढचा प्रश्न दुहेरी झाला. फेरफार झाला आहे का, हा त्याचा पहिला भाग. त्या फेरफारामुळेच हे इंजिन फुटले का, हा दुसरा आणि कितीतरी अवघड भाग. आजही बहुतेक वाद या दोन प्रश्नांची गल्लत केल्यामुळे चिघळतात.

९/
दरम्यान इंजिनाचा मेंदूच बदलत होता. १९६७ मध्ये बॉशची इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणाली फोक्सवॅगनच्या गाडीत आली. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२ आय या गाडीत बॉशची मोट्रॉनिक प्रणाली बसली. इंधन आणि ठिणगी, दोन्हींचा कारभार एकाच संगणकाकडे गेला. या संगणकाला ईसीयू म्हणतात. त्याच्या स्मृतीत पाढ्यांसारखे तक्ते असतात. एका बाजूला इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूला त्याच्यावरचा भार, आणि दोन्ही जिथे मिळतात त्या चौकटीत एक आकडा : इतके इंधन सोडा, ठिणगी इतक्या अंशांवर पाडा. स्क्रूची जागा आता आकड्याने घेतली. पाना टाकून आकडे बदलणाऱ्यांची नवी जमात जन्माला आली.

१०/
हे आकडे सुरुवातीला ईप्रॉम नावाच्या चिपमध्ये साठवलेले असत. त्या चिपवर काचेची छोटी खिडकी असे. तिच्यातून अतिनील प्रकाश पाडला, की जुने आकडे पुसले जात आणि नवे लिहिता येत. अनेक गाड्यांत ही चिप खाचेत नुसती बसवलेली असे. १९८६-८७ च्या ब्यूइक ग्रँड नॅशनलसारख्या टर्बो गाडीत तर चिप बदलण्याने मोठा फरक पडे, कारण टर्बोचा दाब आणि इंधन यांत कारखान्याने बरीच सावधगिरी राखलेली होती. मालक घरी बसून चिप बदलत आणि सर्व्हिसिंगच्या आदल्या रात्री मूळ चिप परत बसवत. फेरफार करणाऱ्यांच्या दृष्टीने हा सुवर्णकाळ होता.

११/
त्या काळातील डीलरला काय दिसे? ईसीयूच्या पेटीचे उचकटलेले सील, चिपवरचे बदललेले लेबल, डाख दिल्याच्या ताज्या खुणा, स्क्रूवरचे ओरखडे. थोडक्यात, दरोड्यानंतर पंचनामा करावा तसे. आकडे स्वतः वाचण्याचे साधन बहुतेक डीलरांकडे नव्हते. मूळ चिप जागेवर असेल, तर पुरावा उरे तो फक्त धातूत : वितळलेला पिस्टन, झिजलेला क्लच, खेळ आलेला टर्बो. धातू खोटे बोलत नाही. पण त्याची साक्ष ऐकायला इंजिन उघडावे लागते.

१२/
पारडे फिरले ते प्रदूषणाच्या कायद्यामुळेच. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलांपासून गाडीनेच स्वतःचे दोष ओळखावेत अशी सक्ती केली. १९९६ पासून संपूर्ण अमेरिकेत ओबीडी-२ हे मानक अनिवार्य झाले : प्रत्येक गाडीत एकाच आकाराचे १६ पिनांचे दार, आणि त्यातून एकाच भाषेत मिळणारी माहिती. भारतात ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये आणि दुसरा एप्रिल २०१३ मध्ये आला. याच सुमारास चिपऐवजी फ्लॅश स्मृती वापरात आली. तिच्यातील आकडे त्याच दारातून, पेटी न उघडता, बदलता येत. मेकॅनिकसाठी उघडलेले दार ट्यूनरलाही उघडे झाले. आता ओरखडा उरत नव्हता आणि डाखही.

१३/
मात्र ओरखड्याच्या जागी नोंद आली. कितव्यांदा सॉफ्टवेअर लिहिले गेले, हे मोजणारा गणक अनेक ईसीयूंमध्ये बसवला गेला. डीलरच्या नोंदवहीत दोनदा अद्ययावत केल्याची नोंद असावी आणि ईसीयूने तीनदा म्हणावे, तर तिसरा हात कोणाचा, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. पुढे कंपन्यांनी सॉफ्टवेअरवर सांकेतिक स्वाक्षरी घालायला सुरुवात केली. ती जुळली नाही, तर ईसीयू नवे सॉफ्टवेअर स्वीकारतच नाही. ट्यूनरांनी त्यावरही वाटा शोधल्या, कंपन्यांनी त्या बुजवल्या. किल्ला आणि सुरुंग यांची ही स्पर्धा आजही चालू आहे.

१४/
सर्वांत प्रभावी साधन मात्र अगदी साधे आहे. ओबीडी-२ च्या दारातून दोन गोष्टी मागता येतात : सॉफ्टवेअरचा ओळख क्रमांक, आणि ‘सीव्हीएन’ नावाची पडताळणी संख्या. ही संख्या म्हणजे सॉफ्टवेअरमधील आकड्यांवर ठरावीक गणित करून काढलेली एक प्रकारची बेरीज. किराणा दुकानाच्या वहीत एक रक्कम बदलली, की पानाच्या तळाची बेरीज चुकते, तसेच येथे. हजारो आकड्यांतील एकही बदलला, तरी ही संख्या वेगळी येते. ओळख क्रमांक मूळचा आणि बेरीज निराळी, याचा अर्थ उघड आहे. कॅलिफोर्नियाने १९ जुलै २०२१ पासून धुराच्या सक्तीच्या तपासणीत हीच पडताळणी सुरू केली. मंजूर नसलेले सॉफ्टवेअर सापडले, की गाडी नापास.

१५/
फोक्सवॅगन समूहाच्या अमेरिकेतील डीलरांकडची व्यवस्था याच तत्त्वावर उभी होती. गाडी निदानयंत्राला जोडली, की तिच्यातील सॉफ्टवेअरची खूण कंपनीच्या मध्यवर्ती नोंदीशी ताडून पाहिली जाई. जुळले नाही, तर त्या गाडीच्या नावे ‘टीडी-१’ असा शेरा पडे. असा शेरा बसलेल्या गाडीच्या इंजिनाशी निगडित वॉरंटी दाव्यांना खीळ बसे. शेरा एका डीलरच्या वहीत राहत नसून कंपनीच्या नोंदीत राहतो. त्यामुळे दुसऱ्या गावच्या डीलरकडे गेल्याने तो पुसला जात नाही.

१६/
मग काहींनी आडवाट धरली. ईसीयूला हात न लावता, सेन्सर आणि ईसीयू यांच्यामध्ये एक छोटी डबी जोडायची. प्रत्यक्षात दाब जास्त असताना ती ईसीयूला तो कमी असल्याचे सांगते. ईसीयू भाबडेपणाने आणखी इंधन किंवा आणखी दाब देतो. भारतातील कॉमन-रेल डिझेल गाड्यांसाठी अशा डब्या बऱ्याच खपल्या. सर्व्हिसिंगपूर्वी डबी काढली, की सॉफ्टवेअरची बेरीज अचूक येते. तरीही इंजिनाची स्मृती कोरी नसते. दोष नोंदवताना ईसीयू त्या क्षणीची स्थिती जतन करतो. इंधनाचे प्रमाण सावरण्यासाठी त्याने शिकून ठेवलेल्या दुरुस्त्याही काही काळ तशाच राहतात.

१७/
काही कंपन्या याहून पुढे गेल्या. पोर्शच्या ईसीयूमध्ये इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवले गेले, कोणत्या टप्प्यापर्यंत आणि इंजिनाच्या कितव्या तासाला, याची नोंद राहते. आज जुनी पोर्श विकत घेणारे लोक हा अहवाल आवर्जून मागतात. डीलरने वॉरंटी तपासण्यासाठी पाहावी ती नोंद खरेदीदाराच्याही कामी आली. एकाच कागदाचे दोन वाचक असले, की त्याचे दोन अर्थ होतात, हे इतिहासाच्या अभ्यासकांना नवे नाही.

१८/
यंत्रणा असूनही प्रत्येक डीलर शोध घेतोच असे नाही. वॉरंटीखाली केलेल्या दुरुस्तीचे पैसे डीलरला कंपनीकडून मिळतात. कंपनीने नंतर दावा फेटाळला, तर भुर्दंड डीलरच्या माथी येतो. म्हणून इंजिन किंवा टर्बो बदलण्यासारख्या मोठ्या खर्चाच्या वेळी तो सॉफ्टवेअर कसून तपासतो. ब्रेक, वातानुकूलन किंवा काच यांच्या तक्रारीत त्याला इंजिनात डोकावण्याचे कारण नसते. शिवाय नेहमीचा ग्राहक दुखावणे त्यालाही परवडत नाही. ‘कळते का’ या प्रश्नात तंत्रज्ञानाइतकाच वाटा ‘कळून घेण्यात कोणाचे हित आहे’ याचाही असतो.

१९/
आता २०१५ कडे परत. त्या जुलैत चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या संशोधकांनी धावत्या जीपचा ताबा दूरवरून घेऊन दाखवला. कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच महिन्यात गाडीच्या सॉफ्टवेअरवर कोणाचा अधिकार, हा वाद अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयापुढे चालू होता. मालकाला आपल्याच गाडीचे सॉफ्टवेअर वाचण्याची व बदलण्याची कायदेशीर मुभा मिळावी, अशी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनची मागणी होती. ईपीएने पत्र लिहून तिला विरोध केला : मुभा दिल्यास लोक प्रदूषण-नियंत्रणात छेडछाड करतील. दोन महिन्यांनी त्याच ईपीएला जाहीर करावे लागले, की सर्वांत मोठी छेडछाड कारखान्यातच झाली होती.

२०/
ती उघडकीस कशी आली, हे पाहणे बोधप्रद आहे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील डॅन कार्डर यांच्या गटाने २०१३ मध्ये गाडीच्या मागे धूर मोजणारी फिरती उपकरणे बसवली आणि ती खऱ्या रस्त्यांवर चालवली. एक गाडी तर लॉस एंजेलिसहून सिॲटलपर्यंत नेऊन परत आणली. प्रयोगशाळेत निर्मळ ठरणारी जेट्टा रस्त्यावर मर्यादेच्या १५ ते ३५ पट नायट्रोजन ऑक्साइड सोडत होती. पसाट ५ ते २० पट. या गटाने सॉफ्टवेअर उघडलेच नव्हते. त्यांनी धूर मोजला, बस. जगभरातील बाधित गाड्यांची संख्या पुढे सुमारे १ कोटी १० लाख निघाली.

२१/
फोक्सवॅगन यातली पहिली नव्हती. १९९५ मध्ये जनरल मोटर्सने सुमारे ४,७०,००० कॅडिलॅक गाड्यांच्या प्रकरणी तडजोड केली : वातानुकूलन सुरू असताना इंधनाचे मिश्रण वाढवणारी चिप त्यांत होती, आणि चाचणीच्या वेळी वातानुकूलन बंद असे. १९९८ मध्ये कॅटरपिलर, कमिन्स, डेट्रॉइट डिझेल यांच्यासह सात ट्रक-इंजिन उत्पादकांवर याच स्वरूपाच्या आरोपांवरून कारवाई झाली. या सर्व प्रकरणांत सील शाबूत होते. सॉफ्टवेअर मूळचेच होते. पडताळणी केली असती, तर प्रत्येक गाडी उत्तीर्ण झाली असती.

२२/
येथे पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९१९ ते १९६६ या काळात तेथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. अनेक हस्तलिखिते ताडून कोणते श्लोक मागाहून घुसडले गेले, हे पंडितांनी निश्चित केले. पाठचिकित्सा ‘प्रक्षेप’ पकडते. परंतु मूळ पाठात सांगितलेले खरे आहे का, हे ती ठरवू शकत नाही. तो तिचा दावाही नाही. बखरीच्या सर्व प्रती एकमेकींशी तंतोतंत जुळल्या, म्हणून बखरकाराने लिहिलेली लढाई तशीच झाली, असे सिद्ध होत नाही. त्यासाठी बाहेरचा पुरावा लागतो : मोगल अखबार, पोर्तुगीज आणि डच पत्रे. डीलरचे निदानयंत्र पाठचिकित्सा करते. वेस्ट व्हर्जिनियाचा गट बाहेरचा पुरावा घेऊन आला.

२३/
आणखी एक विपर्यास नोंदवण्याजोगा आहे. कंपनीची लबाडी सॉफ्टवेअरमध्ये नेमकी कोठे होती, हे शोधताना ट्यूनरांच्या जगातील साधने उपयोगी पडली. डिसेंबर २०१५ मध्ये फेलिक्स डोम्के या जर्मन अभियंत्याने स्वतःच्याच गाडीचा ईसीयू वाचून चाचणी ओळखणाऱ्या अटी हॅम्बुर्गच्या परिषदेत मांडल्या. २०१७ मध्ये बोखुम आणि सॅन डिएगो येथील संशोधकांनी ९०० हून अधिक सॉफ्टवेअर प्रती तपासल्या. त्यांना लागलेली तांत्रिक कागदपत्रे ट्यूनरांच्या वर्तुळात फिरत असलेली होती. ज्यांना पकडण्यासाठी कुलपे बसवली, त्यांच्याच किल्ल्यांनी कुलूप बसवणाऱ्याचे कपाट उघडले. दरम्यान ऑक्टोबर २०१५ मध्ये अमेरिकी मालकांना दुरुस्ती आणि कायदेशीर बदलांसाठी सॉफ्टवेअर उघडण्याची सवलत मिळालीच.

२४/
याचा अर्थ ट्यूनर निष्पाप, असा काढणे इतिहासाला धरून होणार नाही. ईपीएच्या नोव्हेंबर २०२० च्या अहवालानुसार मागील दशकात अमेरिकेतील साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांतील प्रदूषण-नियंत्रण काढून टाकले गेले होते. हवेवरचा त्याचा परिणाम ९० लाखांहून अधिक नियमानुसार चालणाऱ्या पिकअप गाड्यांची भर पडल्याइतका. या धुराची किंमत मोजणारी फुप्फुसे गाडीमालकाची नसतात. कंपनीने केली काय आणि मालकाने केली काय, श्वास घेणाऱ्याला फरक पडत नाही.

२५/
या कथेला महाराष्ट्राचाही धागा आहे. २०१५ मध्ये पुण्याच्या एआरएआय संस्थेने फोक्सवॅगन समूहाच्या डिझेल गाड्या भारतीय रस्त्यांवर तपासल्या. धुराचे प्रमाण बीएस-४ च्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळले. त्या डिसेंबरमध्ये चाकणला कारखाना असलेल्या या समूहाने भारतातील ३,२३,७०० गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलवण्याचे जाहीर केले. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. १ एप्रिल २०२३ पासून भारतातही नव्या गाड्यांच्या धुराची मोजणी प्रत्यक्ष रस्त्यावर होऊ लागली. बाहेरच्या पुराव्याला कायद्यात जागा मिळाली.

२६/
भारतीय मालकासाठी वॉरंटी हा एकमेव प्रश्न नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली करता येत नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अनधिकृत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणजे डीलरच्या पडद्यावर दिसणारी न जुळणारी संख्या फक्त डीलर आणि ग्राहक यांच्यातली राहिलेली नाही.

२७/
तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे. सॉफ्टवेअर बदलले असेल आणि डीलरने तपासले, तर आज ते कळते. मूळ सॉफ्टवेअर परत लिहिले तरी गणक आणि नोंदी बोलू शकतात. बाहेरची डबी काढली, तर पुरावा पुसट होतो, पण धातू उरतो. बिघाड फेरफारामुळेच झाला का, हे मात्र कोणतीही संख्या सांगत नाही. ते इंजिन उघडून, कारण आणि परिणाम जोडून, माणसालाच ठरवावे लागते.

२८/
शिशाच्या गोळ्यापासून सीव्हीएनपर्यंत प्रत्येक साधनाने एकच प्रश्न विचारला : ही वस्तू मूळ प्रतीशी जुळते का? प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर आता फार अचूक मिळते. मात्र या साधनांची मालकी ज्याच्याकडे, मूळ प्रतही त्याचीच, आणि तिच्याबद्दल साक्ष देणाराही तोच. २०१५ मध्ये ही साखळी तोडायला लागले ते एवढेच : गाडीच्या मागे बांधलेले एक उपकरण, हजारो मैलांचा रस्ता, आणि कंपनीने सांगितलेला आकडा स्वतः मोजून पाहण्याची जिद्द. जुना कागद हाती आला, की तो अस्सल आहे का, हे आधी पाहावेच. अस्सल ठरल्यावर तो खरे बोलतो का, हे विचारायचे काम तेथून पुढे सुरू होते.

(धागा समाप्त)